मालकाचा माणूस

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उशाशी एक पांढरी पेटी असे. जाड पुस्तकाएवढी, भिंतीवरच्या प्लगला कायमची जोडलेली. रात्री सगळे निजले की तिच्यावरचा हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुके आणि पुन्हा स्थिर होई. अण्णांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत बसवलेला पेसमेकर त्या वेळी दिवसभराचा हिशेब पेटीला देत असे, आणि पेटी तो मोबाइलच्या जाळ्यातून पेसमेकर बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे पोहोचवीत असे. परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीत मी २०२१ च्या पावसाळ्यात कितीतरी रात्री काढल्या. अण्णांना एकटे ठेवणे बरे नव्हते आणि मला झोप लागत नव्हती. त्या दिव्याशेजारी बसून मी मोबाइलवर एका ठरावीक जातीच्या विज्ञानकथा वाचत असे, ज्यांची ओढ मला महाविद्यालयात असल्यापासून आहे.

या कथांमधले जग पुढच्या शतकातले असते. सरकारे नावापुरती उरलेली, शहरे कंपन्यांनी वाटून घेतलेली, आणि कंपन्यांच्या आपसातल्या छुप्या लढाईत उतरवलेली माणसे अर्धी हाडामांसाची, अर्धी यंत्राची. एखाद्याचा डोळा कंपनीने बसवलेला असतो आणि त्याला जे दिसते ते मुख्यालयालाही दिसते. एखादीच्या मणक्यात अशी तार असते, की तिचा हात तिच्या मनात येण्याआधी हलतो. ही माणसे नाव बदलून दुसऱ्या कंपनीत नोकरीला लागतात, वर्षानुवर्षे तिथे राहतात, तिथल्या लोकांच्या घरी जेवतात, त्यांच्यात जीव गुंतवतात, आणि एके दिवशी वरून निरोप आला की तिथली गुपिते, कधी तिथला माणूसच, उचलून घेऊन येतात. शरीर दुरुस्त करण्यासाठी कंपनीने केलेला खर्च त्यांच्या नावावर कर्ज म्हणून लिहिलेला असतो आणि तो आयुष्यभर फिटत नाही.

एका रात्री अण्णा जागे झाले आणि काय वाचतेस म्हणून त्यांनी विचारले. मी जमेल तसे सांगितले. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मालकाचा माणूस."

मालकाचा माणूस हा शब्द गिरणगावात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. अण्णा १९६८ साली लोअर परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे साचेखात्यात कायम झाले. (गिरणीत मागाला साचाच म्हणत.) साच्यांच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून कामगार ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. तेवढ्या गोंगाटातही वरच्या ऑफिसात सगळे पोहोचत असे: कोण वर्गणी गोळा करतो, द्वारसभेत पुढे कोण उभा होता, रात्रपाळीनंतर कोणाच्या खोलीत बैठक झाली. जॉबर कामगारांची भरती करी, त्यांच्यावर देखरेख ठेवी आणि अडीनडीला पैसेही देई, त्यामुळे त्याची निष्ठा कोणीकडे हे उघडच असे. मालकाचा माणूस मात्र उघड नसे. तो आपल्यासारखाच साच्यावर उभा राही, आपल्यासारखाच कापसाचे तंतू गिळी आणि त्याच नळावर पाणी भरी.

असा एक माणूस आमच्याच मजल्यावर राहत होता. त्याची मुलगी माझ्याबरोबर शाळेत जाई. संपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, एका रात्री त्याने आमचे दार वाजवले आणि उंबऱ्यावर उभे राहून अण्णांना सांगितले, "उद्या कामावर जाऊ नका. तुमचं नाव मी दिलंय." अण्णांनी त्याला आत बोलावले. आईने चहा टाकला. चहा पिऊन होईपर्यंत दोघांपैकी कोणी बोलले नाही, एवढेच मला आठवते, कारण मी आठ वर्षांची होते आणि मोठी माणसे इतकी गप्प बसलेली मला भीतिदायक वाटली होती. पुढच्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा तो माणूसही गेला. अण्णा ही हकिकत पुढे अनेकदा सांगत आणि त्यांच्या आवाजात कधी कडवटपणा नसे. "लाज वाटली त्याला," एवढेच म्हणत.

कंपन्यांनी आपली माणसे दुसऱ्यांत पेरण्याची रीत जुनी आहे आणि ती सगळ्या मुलखांत आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत १८७० च्या दशकात एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाने पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेचा माणूस आयरिश खाणकामगारांच्या गुप्त संघटनेत घुसवला. जेम्स मॅकपार्लंड हे त्याचे नाव. खोटे नाव घेऊन तो दोन वर्षांहून अधिक काळ त्यांच्यात राहिला, त्यांची गाणी गायला, आणि शेवटी न्यायालयात त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. त्या प्रकरणात १८७७ ते १८७९ या काळात २० जण फासावर गेले. कथांमधला हेर जे करतो त्यातले बहुतेक सारे मॅकपार्लंडने अंगात एकही तार नसताना केले होते.

आणि आपली मुंबई तर मुळात कंपनीचेच शहर. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाकडे आलेली ही बेटे त्याने १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भागधारकांना नफा वाटणाऱ्या या व्यापारी मंडळीकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोन लाखांहून अधिक फौज होती, आणि फौजेच्या आधी तिचे हरकारे आणि बातमीदार पोहोचलेले असत. मी ज्या महाविद्यालयात शिकले त्याला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे नाव आहे. हा एल्फिन्स्टन पुण्यात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला तिचा प्रतिनिधी, होता, आणि पेशव्यांकडच्या बातम्या त्याला पुरवणाऱ्यांत बाळाजीपंत नातूंचे नाव घेतले जाते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, ते नातूंनीच लावले असे सांगतात. दोनशे वर्षे झाली तरी मराठी माणूस ते नाव साध्या आवाजात उच्चारत नाही.

मला या ठिकाणी थांबावेसे वाटते, कारण माझे म्हणणे इथेच आहे. नातूंना आपण दोष देऊ शकतो, कारण ते नाही म्हणू शकत होते. आमच्या मजल्यावरच्या त्या माणसाला अण्णा माफ करू शकले, कारण तो दार वाजवू शकला. फितुरी आणि पश्चात्ताप ही दोन्ही एकाच जागेतून निघतात: आपण काय पाहिले, ते कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे ज्याचे त्याने ठरवण्याची जागा. कथांमधल्या त्या अर्ध्या यंत्रमाणसाचा डोळाच जर कंपनीला सगळे परस्पर दाखवीत असेल, तर त्याने कितीही लाज वाटून घेतली तरी उपयोग नाही. तो मित्राला सावध करायला त्याच्या दाराशी जाईल, तर ते दारही मुख्यालयाला दिसेल. लेखक या हेरांचे पोलादी हात आणि अंधारात पाहणारे डोळे रंगवण्यात पाने खर्च करतात. मला त्यांच्या वाट्याला आलेली ही शिक्षा सर्वांत भयंकर वाटते, की त्यांना फितूरही होता येत नाही.

अशा अर्ध्या यंत्रमाणसांसाठी वापरतात तो सायबॉर्ग हा शब्द जन्मला तेव्हा त्यात यातले काही नव्हते. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन संशोधकांनी १९६० साली अंतराळ प्रवासावरच्या एका लेखात तो प्रथम वापरला. अंतराळात माणसाने पृथ्वीची हवा पाठीवर बांधून नेण्यापेक्षा शरीरातच अशी यंत्रणा बसवावी, की श्वास आणि रक्तदाब यांची काळजी ती आपोआप घेईल आणि माणूस शोध घ्यायला, विचार करायला, अनुभवायला मोकळा राहील, असे त्यांचे म्हणणे होते. लेखाबरोबर एका पांढऱ्या उंदराचे चित्र होते. त्याच्या शेपटीजवळ कातडीखाली बसवलेला छोटा पंप ठरावीक वेगाने औषध सोडत असे. मोकळे होण्यासाठी घडवलेला शब्द वीस-पंचवीस वर्षांत कंपनीच्या हेराला चिकटला. ऐंशीच्या दशकात या कथा बहरल्या, तेव्हा अमेरिकेत पोलादाचे आणि मोटारींचे कारखाने बंद पडत होते आणि कामगाराला आपल्या आयुष्याच्या नाड्या दूर कुठेतरी कोणाच्या हाती आहेत असे वाटू लागले होते. त्याच वर्षांत इकडे गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प होत गेले. मी त्या कथांकडे का ओढली गेले, याचे उत्तर मला खूप उशिरा, अण्णांच्या त्या तीन शब्दांतून मिळाले.

खराखुरा यंत्रहेर मात्र कथांच्याही आधी होऊन गेला, आणि तो माणूस नव्हता. अमेरिकेच्या सीआयएने १९६० च्या दशकात एका मांजरीच्या कानात मायक्रोफोन आणि कवटीच्या बुडाशी ट्रान्समीटर बसवला, आणि एरियलची तार तिच्या केसांत दडवली. बाकावर बसून बोलणाऱ्या परकीय माणसांजवळून ती सहज फिरावी, अशी कल्पना होती. मांजर कोणाचे ऐकत नाही, हे लक्षात आल्यावर १९६७ साली तो प्रकल्प गुंडाळला गेला आणि २००१ साली त्याची कागदपत्रे खुली झाली. मला त्या मांजरीची आठवण वारंवार येते. ती हेर होती आणि आपण हेर आहोत हे तिला कधी कळले नाही.

अण्णांना पेसमेकर बसवला २०१९ साली. त्यापूर्वी त्यांच्या नाडीचे ठोके मिनिटाला चाळीसच्या खाली जात होते आणि ते नळावर पाणी भरताना दोनदा पडले होते. तो बसवल्यावर तिसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले, तेव्हा चाळ बघायला जमली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण यंत्राविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती राहील. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या त्रेचाळीस वर्षांच्या माणसाच्या शरीरात, पूर्णपणे कातडीच्या आत राहणारा, जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला, पण लार्सन त्यानंतर वीसहून अधिक पेसमेकर वापरत २००१ पर्यंत, म्हणजे शहाऐंशी वर्षांचे होईपर्यंत जगले. ज्या अभियंत्याने ते यंत्र बनवले आणि ज्या शल्यविशारदाने ते बसवले, त्या दोघांच्याही नंतर ते गेले. क्लाइन्स आणि क्लाइन यांनी स्वप्न पाहिलेला माणूस असा असावा, असे मला वाटते.

तपासणीच्या दिवशी मात्र मला दुसरे काही दिसे. यंत्राशी बोलायचे उपकरण डॉक्टरांकडे नसून कंपनीच्या तरुण तंत्रज्ञाकडे असे. अतिशय सभ्य मुलगा. तो अण्णांच्या छातीवर एक चकती ठेवी आणि पडद्यावर रेषा धावू लागत. "आजोबा, गेल्या महिन्यात चालणं कमी झालंय तुमचं," तो एकदा म्हणाला, आणि एका पहाटे साडेतीनच्या सुमाराला हृदय खूप जोरात धावल्याचे त्याने तारखेसह सांगितले. ती आईच्या वर्षश्राद्धाच्या आदली पहाट होती. अण्णांनी त्या रात्रीबद्दल मलाही काही सांगितले नव्हते. घरी येताना टॅक्सीत ते खिडकीबाहेर पाहत होते. हिंदमाताच्या सिग्नलला त्यांनी खांद्याखालच्या त्या उंचवट्यावर हात ठेवला आणि विचारले, "हा आपला माणूस की मालकाचा?"

मी ती नोंद आम्हाला मिळावी म्हणून रुग्णालयात अर्ज केला. तिथून कंपनीकडे बोट दाखवले गेले, कंपनीने रुग्णालयाकडे. महिनाभराने कळले, की ती माहिती रुग्णाला देण्याची पद्धत नाही. अण्णांच्या हृदयाने रात्री काय केले, हे परदेशातल्या एका संगणकाला ठाऊक होते आणि अण्णांच्या मुलीला ते कागदावर मिळू शकत नव्हते.

त्या दिवसांत मी ओहायोमधल्या एका माणसाबद्दल वाचले. २०१६ साली त्याच्या घराला आग लागली. आपण सामान भरून खिडकीतून बाहेर टाकले आणि पळालो, असे त्याने पोलिसांना सांगितले. पोलिसांनी न्यायालयाच्या परवानगीने त्याच्या पेसमेकरमधली नोंद मिळवली. ज्या वेळी तो धावपळ केल्याचे सांगत होता त्या वेळचे ठोके एका हृदयरोगतज्ज्ञाला तपासायला दिले, आणि त्याची हकिकत त्यांच्याशी जुळत नाही असे मत आल्यावर त्याच्यावर आग लावल्याचा आरोप ठेवला. तो दोषी होता की नव्हता याचा निकाल लागण्याआधीच तो वारला. मला त्याच्या दोषाशी कर्तव्य नाही. आपल्याच छातीतून साक्षीदार उभा राहिला तेव्हा त्याला काय वाटले असेल, एवढाच विचार मनातून जात नाही. अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी २००७ साली आपल्या हृदयातल्या यंत्राचा बिनतारी संपर्क बंद करून घेतला होता, कारण कोणी दुरून ते यंत्र आपल्याविरुद्ध वापरील अशी भीती त्यांच्या डॉक्टरांना वाटली. उपाध्यक्षाला हे करून घेता येते. गिरणीतून निवृत्त झालेल्या विणकराने कोणाला सांगावे?

कथांमध्ये कंपनी आपल्या हेराला कधीच सोडत नाही. प्रत्यक्षात कंपन्या सोडूनही देतात आणि तेही तितकेच भयाण असते. कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट या कंपनीने दृष्टी गेलेल्या माणसांसाठी आर्गस दोन नावाचे यंत्र बनवले. चष्म्यातला कॅमेरा जे टिपे त्याचे संकेत डोळ्याच्या पडद्यावर बसवलेल्या विद्युतअग्रांना जात आणि काळोखात राखाडी ठिपके उमटत. जगभरात साडेतीनशेच्या आसपास माणसांच्या डोळ्यांत ते बसवले गेले. २०१९ साली कंपनीने ते बनवणे थांबवले, पुढच्या वर्षी बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले, आणि दुरुस्तीला, सुट्या भागांना कोणी वाली राहिला नाही. त्या यंत्राच्या आधाराने पाहणारी एक बाई काही वर्षे आधीच न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गाडी बदलत असताना कानाशी तीन बारीक आवाज ऐकून थबकली होती. त्यानंतर तिला दिसणारे सारे विझले आणि परत आले नाही. निवृत्त यंत्रहेराची गोष्ट लिहायची असेल तर ती तिथून सुरू करावी.

मग मी आमच्या शहराकडे पाहते. जिथे साचेखाते होते तिथे आता काचेचे मनोरे आहेत, आणि त्यांत शिरणारी मुले गळ्यातले कार्ड दाराला लावून आत जातात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका कंपनीने २०१७ साली अशाच कामासाठी पन्नासच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या हातात, अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये, तांदळाच्या दाण्याएवढी चिप घातली. त्यांनी ती राजीखुशीने घेतली. नागपूर, चंदीगड, नवी मुंबई येथे सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा सांगणारी घड्याळे आली, तेव्हा राजीखुशीचा प्रश्न कोणी विचारला असेल असे वाटत नाही. घड्याळ निदान पाळी संपल्यावर काढून ठेवता येते.

अण्णा २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेले, झोपेत, घरीच. पेसमेकर शरीरात राहिला तर आगीत त्याची बॅटरी फुटते, म्हणून भोईवाड्याच्या स्मशानात नेण्याआधी ओळखीचे डॉक्टर आले, त्यांनी छोटा छेद घेऊन तो काढला, धुतला आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. चौथ्या दिवशी फोन आला. यंत्राशी संपर्क तुटला आहे, पेटी प्लगला जोडलेली आहे का, असे एक मुलगी नम्रपणे विचारत होती. मी तिला सांगितले. तिने दुःख व्यक्त केले आणि नोंद बंद करते म्हणाली. त्या रात्री पेटीचा दिवा पुन्हा लुकलुकला, तेव्हा मी उठून प्लग काढला.

बॅटरीत आणखी काही वर्षांचे आयुष्य होते. मला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयातला एक प्रयोग ठाऊक होता. अमेरिकेत निधन पावलेल्या माणसांचे पेसमेकर त्यांच्या नातलगांच्या संमतीने काढून, निर्जंतुक करून मुंबईला आणले गेले आणि ज्यांना नवा परवडत नव्हता अशा ५३ रुग्णांना बसवले गेले. त्याचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या रुग्णांना ते नीट लागू पडले होते. कंपन्या ज्या वस्तूवर एकदाच वापरण्याची सूचना छापतात, ती एका मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दुसऱ्या घराला दिली होती. मालकाचा माणूस आपला माणूस होताना मी याहून स्पष्ट कुठे पाहिला नाही. अण्णांचाही असा कोणाच्या उपयोगी पडेल का, म्हणून मी दोन ठिकाणी विचारले. आता तसे करत नाही, असे दोन्हीकडे सांगितले गेले.

तो आता कपाटाच्या खणात आहे, अण्णांच्या चष्म्याशेजारी. परवा मी त्याच्याबद्दल त्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, की त्याला हृदयाचा ठोका जाणवला नाही की तो आपणहून झटका देतो, आणि बॅटरी संपेपर्यंत देत राहतो. अण्णांचा मिनिटाला साठवर लावलेला होता. म्हणजे हे लिहीत असताना, बंद खणात, तो मिनिटाला साठ वेळा आपले काम करतो आहे. पाळी सुटल्याचे त्याला कोणी सांगितलेले नाही.